क्लाउड सेवेला घरचा पत्ता

शाळेच्या संगणक कक्षातील एखाद्या संगणकाचा जाळ्यातील पत्ता पाहा. तो बहुधा १९२.१६८ किंवा १० या आकड्यांनी सुरू होतो. नेमका तोच पत्ता शेजारच्या गावातील शाळेतल्या संगणकाचाही असू शकतो. तरीही घोटाळा होत नाही. पाच हा हजेरी क्रमांक प्रत्येक वर्गात असतो, पण वर्गाबाहेर त्याला अर्थ नसतो. तसेच हे आहे.

इंटरनेटच्या मूळ पद्धतीत पत्ता ३२ बिटांचा असतो. त्यामुळे एकूण सुमारे ४२९ कोटीच पत्ते तयार होऊ शकतात. म्हणून पत्त्यांचे तीन गट खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवले आहेत. १९९६ च्या 'आरएफसी १९१८' या दस्तऐवजात ते दिले आहेत. १० ने सुरू होणाऱ्या एकाच गटात १,६७,७७,२१६ पत्ते आहेत. हे पत्ते कोणीही आपल्या जाळ्यात वापरावेत, मात्र बाहेरच्या इंटरनेटवरून त्यांच्याकडे जाणारा रस्ता नसतो.

आता क्लाउडकडे वळू. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचे, आपण भाड्याने वापरत असलेले संगणक. मायक्रोसॉफ्टच्या 'अझूर' या सेवेचे एक केंद्र २०१५ पासून पुण्यात आहे. तेथे ग्राहकाला खासगी पत्ते वापरून स्वतःचे 'आभासी जाळे' आखता येते. तारा सर्वांच्या सामाईक असतात, पण एकाची माहिती दुसऱ्याच्या जाळ्यात जाऊ नये याची काळजी सॉफ्टवेअर घेते.

समजा, एका परीक्षा मंडळाने निकाल तयार करणारे संगणक अशा जाळ्यात ठेवले आणि गुणपत्रके अझूरच्या साठवण सेवेत ठेवली. ही सेवा असंख्य ग्राहकांची असल्याने ती मंडळाच्या जाळ्याबाहेर असते आणि तिला सार्वजनिक पत्ता असतो. मंडळाच्या संगणकांकडून साठवणीकडे जाणारी माहिती सांकेतिक रूपात जाते आणि मायक्रोसॉफ्टच्या जाळ्याबाहेरही पडत नाही. मग धोका कोणता? धोका तारेत नाही, पत्त्यात आहे. सार्वजनिक पत्त्यावर जगातील कोणीही येऊन दार ठोठावू शकतो. एखादी किल्ली चोरीला गेली, की गुणपत्रके त्याच्या हाती!

यावरचा उपाय असा, की साठवणीलाच आपल्या जाळ्यातला एक पत्ता द्यायचा, उदाहरणार्थ १०.०.१.५. याला 'प्रायव्हेट एंडपॉइंट' म्हणतात. बँकेने सोसायटीच्या आवारात एक खिडकी उघडावी, तसेच हे. खिडकीशी रहिवासीच जाऊ शकतात, आणि ती फक्त ठरलेल्या खात्यासाठी असते. शिवाय संपर्काची सुरुवात नेहमी जाळ्यातील संगणकच करतो. खिडकीतून बँकेच्या माणसाला आवारात उतरता येत नाही.

पण संगणक सेवेला आकड्यांनी नव्हे, नावाने हाक मारतो. नावावरून पत्ता सांगणाऱ्या नोंदवहीला डीएनएस म्हणतात. मग नवा आकडाच थेट का वापरू नये? कारण सेवा स्वतःची ओळख पटवण्यासाठी जे प्रमाणपत्र दाखवते, त्यावर नाव असते. आकड्याने हाक मारली, तर ओळख जुळत नाही. म्हणून नाव तेच ठेवतात आणि आभासी जाळ्याला एक खासगी नोंदवही जोडतात. तेच नाव आत विचारले तर १०.०.१.५ असे उत्तर मिळते. बाहेर विचारले तर सार्वजनिक पत्ता मिळतो.

येथे दोन गोष्टी राहून जाऊ शकतात. पहिली, खासगी नोंदवही जोडणे. ती नसेल, तर संगणक मुकाट्याने सार्वजनिक पत्त्याकडेच जातो. काम सुरळीत चालते, म्हणून चूक दिसतही नाही. दुसरी, जुने दार बंद करणे. आवारात खिडकी उघडल्याने रस्त्यावरचे दार आपोआप बंद होत नाही. सार्वजनिक प्रवेश वेगळ्या आज्ञेने बंद करावा लागतो. तो केला नाही, तर खर्च होतो, समाधान मिळते, पण सुरक्षितता पूर्वीइतकीच राहते.

वर्गात एक प्रश्न जरूर विचारावा: दार बंद केल्यावर चोरलेली किल्ली निरुपयोगी होते का? बाहेरच्या चोराला, होय. पण आवारातलाच एखादा संगणक त्याने ताब्यात घेतला, तर खिडकी त्यालाही उघडीच असते. म्हणून खासगी पत्ता मिळाला तरी किल्ल्या जपाव्याच लागतात.