सिलिंडर लावला म्हणजे पट्टीचा पोहणारा सुरक्षित झाला, असं नाही



सुट्टीत कोकणात जाऊन आलेल्या उधन्यातल्या कुठल्याही घरी जा, मोबाइलमध्ये एक व्हिडिओ हमखास सापडतो. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्याखाली, पाठीवर सिलिंडर, तोंडात नळी आणि अवतीभवती रंगीत मासे. मासेमारी करणारी आपली पोरं तो व्हिडिओ बघतात तेव्हा त्यांच्या डोक्यात दोन प्रश्न येतात. एक, आपल्या डुमस-हजिऱ्याला असं नितळ पाणी का नाही? दुसरा जास्त कामाचा. खडकात जाळं अडकलं, नांगर रुतला, पंख्यात दोर गुंडाळला, तर असाच सिलिंडर लावून आपणच खाली उतरून काढता येईल का? पोहायला तर आपल्याला येतंच.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याचं मात्र नीट समजून घ्या, कारण त्यात जिवाचा प्रश्न आहे.

डुमसला दिसत नाही, मालवणला का दिसतं?

तापी आपल्याबरोबर भरपूर गाळ आणते. वर खंभातचं आखात नरसाळ्यासारखं निमुळतं होत गेलेलं, त्यामुळे भरतीचं पाणी आत शिरताना उंच चढतं. भावनगरकडे भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या आसपास जातो. एवढं पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर करतं, मग गाळ तळाला बसणार कधी? पाणी चहासारखं दिसतं. आपल्या किनाऱ्याला पाण्याखाली स्वतःचा हात दिसणंही कठीण.

मालवणचं गणित वेगळं. तिथे तापीएवढी मोठी नदी समुद्राला मिळत नाही, भरती-ओहोटीतला फरकही बराच कमी, आणि तळाला चिखलाऐवजी बऱ्याच ठिकाणी कातळ. पावसाळा संपला, समुद्र शांत झाला की गाळ खाली बसतो आणि मे महिन्यापर्यंत स्कूबाचा हंगाम चालतो. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याचं बांधकाम सुरू केलं ते कुरटे बेटाच्या खडकावर. किल्ल्याभोवती असेच खडक पाण्याखालीही पसरलेत. त्यांच्यामध्ये भेगा आहेत, कपारी आहेत, अरुंद घळी आहेत. कातळावर प्रवाळ, शेवाळ, कालवं धरतात. कपारीत शेवंड, गोबरा, तांबोशी आसरा घेतात. लहान पिल्लं तिथेच मोठी होतात. या भागातलं २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालं.

आता आपल्या धंद्याच्या नजरेनं बघा. जिथे मासा लपतो, तिथेच जाळं अडकतं. नायलॉनचं जाळं कुजत नाही. तुटून खडकात राहिलं तर कुणी ओढायला नसलं तरी मासे, कासवं, शेवंड त्यात अडकून मरत राहतात. म्हणजे जाळ्याचे पैसे गेले आणि पुढच्या हंगामाचा मासाही गेला. अडकलेलं जाळं काढावंसं वाटणं अगदी बरोबर आहे. प्रश्न आहे तो काढायला खाली कुणी आणि कसं उतरायचं याचा.

सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो

आपण सगळे ‘ऑक्सिजनचा सिलिंडर’ म्हणतो, पण पर्यटकाच्या पाठीवरच्या सिलिंडरमध्ये साधी हवाच असते. तीच, जी आपण आत्ता घेतोय. ती गाळून, कोरडी करून दाबून भरलेली असते. त्यात ऑक्सिजन साधारण २१ टक्के आणि बाकी जवळजवळ सगळा नायट्रोजन. तोंडात जो भाग धरतात त्याला रेग्युलेटर म्हणतात. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये जाक कुस्तो आणि एमिल गान्याँ यांनी असं यंत्र तयार केलं. आजूबाजूच्या पाण्याचा जेवढा दाब असेल, तेवढ्याच दाबाची हवा ते तोंडात सोडतं. म्हणून खोलवरही छाती सहज फुगते. सगळी सोय इथे आहे आणि सगळा धोकाही इथेच.

दहा मीटरचा हिशोब

जमिनीवर आपल्यावर हवेचा एक पट दाब असतो. पाण्यात दर दहा मीटरला आणखी एक पट वाढतो. दहा मीटरवर दुप्पट, वीस मीटरवर तिप्पट.

एक फुगा घ्या, वर सहा लिटर हवा भरलेला. तो दहा मीटर खाली नेला तर तीन लिटरचा होईल. वीस मीटरवर दोन लिटरचा. वर आणला की पुन्हा सहा.

याच हिशोबानं सिलिंडरही लवकर संपतो. बारा लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबानं भरलेली हवा म्हणजे सुमारे २४०० लिटर. त्यातला पाव हिस्सा राखीव ठेवला तर वापरायला उरते १८०० लिटर. माणूस शांतपणे मिनिटाला वीस लिटर हवा घेतो असं धरलं, तर दहा मीटरवर ती पंचेचाळीस मिनिटं पुरते, वीस मीटरवर जेमतेम तीस. आणि जाळं ओढताना कुणी शांत श्वास घेत नाही. दम लागला की हीच हवा निम्म्या वेळात संपू शकते.

पट्टीचा पोहणारा इथेच फसतो

आपल्याला लहानपणापासून एकच सवय: बुडी मारताना श्वास भरायचा, दाबून धरायचा, वर येऊन सोडायचा. नुसत्या बुडीला ती सवय बरोबर आहे. वर सहा लिटर हवा घेतली, खाली गेल्यावर ती आक्रसली, वर आल्यावर पुन्हा सहा लिटर झाली. फुप्फुसाला काही झालं नाही.

पण दहा मीटरवर नळीतून सहा लिटर हवा घेतली आणि घाबरून श्वास दाबून वर निघालात, तर काय होईल? ती हवा वर येईपर्यंत बारा लिटर व्हायला बघेल. फुप्फुसात तेवढी जागा नाही. फुप्फुस फाटतं, हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात आणि मेंदूपर्यंत पोचू शकतात. माणूस वर येतो आणि डोळ्यांदेखत बेशुद्ध पडतो. यासाठी फार खोल जावं लागत नाही. छाती पूर्ण भरलेली असेल तर दीड-दोन मीटर वर येतानाही हे होऊ शकतं.

म्हणून स्कूबाचा पहिला नियम: श्वास कधीही दाबून धरायचा नाही. घ्यायचा, सोडायचा, घ्यायचा, सोडायचा. नवख्याला हे शिकवलं की तो ऐकतो. पट्टीच्या पोहणाऱ्याचं मात्र अंगच ऐकत नाही. अडचण आली की तो सवयीनं श्वास दाबतो आणि जोरात वर झेपावतो. दोन्ही चुका एकदम होतात.

खाली उतरलेल्या दुसऱ्या माणसाची नळी तोंडात घेऊन एक श्वास घेणं आणि मग नेहमीसारखं वर येणं, हीसुद्धा तीच चूक आहे. मदत म्हणूनसुद्धा करू नका.

सोड्याची बाटली आठवा

दुसरा धोका नायट्रोजनचा. दाबाखाली श्वास घेतला की नायट्रोजन रक्तात आणि अंगात विरघळत जातो. जितकं खोल आणि जितका जास्त वेळ, तितका जास्त. सोड्याची बाटली बंद असेपर्यंत आत बुडबुडे दिसत नाहीत. झाकण हळू उघडलं तर वायू हळूहळू निघतो, झटक्यात उघडलं तर फसफसतो. आपलं रक्तही तसंच. माणूस झटक्यात वर आला तर अंगात बुडबुडे होतात. सांधे ठणकतात, हातपाय बधिर होतात, चक्कर येते, लघवी अडते, कधी कमरेखालचा भाग लुळा पडतो. त्रास लगेच दिसेल असं नाही, काही तासांनीही सुरू होतो.

ही भीती उगाच घालत नाही. मध्य अमेरिकेत होंडुरास देशाच्या किनाऱ्यावर मिस्किटो समाजाचे लोक सिलिंडर लावून शेवंड पकडतात. पुरेसं प्रशिक्षण नाही, दिवसातून कितीतरी वेळा खोल उतरायचं आणि घाईनं वर यायचं. त्यांच्यातले अनेक धडधाकट तरुण कायमचे अपंग झाले. त्यांना पोहता येत नव्हतं असं नाही, वर कसं यायचं ते कुणी शिकवलं नव्हतं.

शिकलेला डायव्हर मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जास्त वेगानं वर येत नाही आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबतो. एकापेक्षा जास्त वेळा उतरलेल्यानं त्यानंतर निदान १८ तास विमानात बसू नये, असा नियम आहे.

पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर नकोच

साधा कॉम्प्रेसर होडीत ठेवायचा, लांब पाइप सोडायचा आणि खाली उतरायचं, असा जुगाड काही जण सुचवतात. त्या कॉम्प्रेसरच्या हवेत तेलाची वाफ येते. इंजिनाचा धूर हवा खेचण्याच्या तोंडाजवळ असेल तर कार्बन मोनॉक्साइडही येतो. त्याला वास नसतो. वर अंगणात डोकं दुखेल एवढं विष खाली दाबामुळे माणूस बेशुद्ध पाडू शकतं. पाइपला गाठ बसली किंवा इंजिन बंद पडलं तर राखीव हवा नाही. वरचे सगळे नियम इथेही लागू आहेत, फक्त हवा जास्त घाण आणि बेभरवशाची.

घळीतलं पाणी वेगळं असतं

वरून समुद्र शांत दिसला तरी खडकांमधल्या अरुंद घळीत लाटेचं पाणी आत-बाहेर ओढत असतं. माणूस दोन मीटर पुढे फेकला जातो, मग मागे. कालवांनी अंग फाटतं. खोल गेल्यावर लाल रंग दिसेनासा होतो, त्यामुळे रक्तही काळपट-हिरवं दिसतं आणि जखम किती मोठी ते कळत नाही. त्यात सैल जाळं असेल तर ते पाण्याबरोबर झुलत अंगाला, सिलिंडरला गुंडाळतं. मासा जसा अडकतो तसाच माणूस अडकतो. म्हणून शिकलेला डायव्हरसुद्धा जाळ्याजवळ एकटा जात नाही. जोडीदार लागतो, दोघांकडे कापायचं हत्यार लागतं, आणि नितळ पाणी लागतं. आपल्याकडच्या गढूळ पाण्यात यातलं काहीच जमत नाही.

होडीवाल्यांसाठी दोन शब्द

खाली माणूस उतरलेला असेल तर वर खुणेचा झेंडा असतो. एक लाल, त्यावर पांढरा तिरका पट्टा. दुसरा अर्धा पांढरा, अर्धा निळा, टोकाला खाच असलेला. यातला कुठलाही दिसला की वेग कमी करा आणि लांबून जा. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपट वेगानं जातो, त्यामुळे खालच्या माणसाला इंजिन ऐकू येतं, पण कुठून येतंय ते समजत नाही. पंखा डोक्यावर येईपर्यंत त्याला कळणार नाही.

आणखी एक. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. दुर्घटना पाण्याखाली नाही, परतीच्या वाटेवर झाली. होडीत पाय ठेवल्यापासून उतरेपर्यंत लाइफ जॅकेट अंगावरच पाहिजे.

मग जाळं काढायचं कसं?

• आधी वरून प्रयत्न करा. भरती-ओहोटीच्या मधल्या शांत वेळेत, जाळं टाकलं होतं त्याच्या उलट बाजूनं ओढून बघा. होडी कलायला लागली तर ताबडतोब दोर सोडा.
• निघालं नाही तर बोया बांधा, जागेची जीपीएस नोंद घ्या आणि शिकलेल्या डायव्हरला बोलवा.
• पंख्यात दोर अडकला तर पाण्यात हात घालण्याआधी इंजिन बंद, चावी उतरणाऱ्याच्या जवळ.
• नुसती बुडी मारणाऱ्यांनी आधी भराभर, जोरजोरात श्वास घेऊ नये. त्यानं दम वाढत नाही. श्वास घ्यायची इच्छा फक्त उशिरा होते आणि माणूस पाण्यातच शुद्ध हरपतो. वर एक जण लक्ष ठेवायला हवाच.
• खरंच शिकायचं असेल तर तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. पर्यटकाचा एकदाचा अनुभव आणि डायव्हरचा कोर्स यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दम्याचा त्रास, छातीचं जुनं दुखणं, कानाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सर्दीत उतरूच नका.

कुणी वर आल्यावर त्याला त्रास सुरू झाला तर त्याला आडवं झोपवा, असेल तर शुद्ध ऑक्सिजन द्या आणि १०८ ला फोन करा. समुद्रात असाल तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४. डॉक्टरांना ‘हा सिलिंडर लावून उतरला होता’ हे आधी सांगा. त्यावर दाबाच्या खोलीत उपचार करावे लागू शकतात. बरं वाटावं म्हणून त्याला पुन्हा पाण्यात उतरवू नका.

जाळं महाग असतं, हे कुणी आपल्याला सांगायला नको. पण जाळं पुन्हा घेता येतं. आपल्या होडीवरच्या प्रत्येक खलाशाला, विशेषतः ‘मला पोहता येतं, मी काढतो’ म्हणणाऱ्याला, हे वाचून दाखवा.