एक इन्फ्यूजन, तीन तास

मी आयुष्यात एकच कारखाना विकत घेतला, तोही आइस्क्रीमचा, वीस हजार डॉलरला. सातबारा नाही, वकील नाही, सही नाही. दाराशी गोल फिरणारं घराचं एक चिन्ह होतं, त्यात पाऊल टाकून बटण दाबलं की झालो मालक. कारखान्याचं नाव 'चेरी पॉपर', गावाचं 'व्हाइस सिटी'. बसायचो मात्र कॉलेजमागच्या सायबर कॅफेत. तासाचे पैसे आधी मोजायचे आणि शेजारच्या पोराच्या कोपराशी भांडत शहर जिंकायचं.

'ग्रँड थेफ्ट ऑटो : व्हाइस सिटी' हा व्हिडिओ गेम २००२ साली प्लेस्टेशनवर आला आणि पुढच्या वर्षी संगणकावर. स्कॉटलंडमधल्या एडिंबरोच्या मंडळींनी अमेरिकेतल्या मायामीवरून बेतलेलं ते खोटं शहर, साल १९८६. आमच्या पिढीतल्या कित्येकांनी पुण्याचा स्वारगेट चौक नीट ओलांडायच्या आधी त्या शहराचे रस्ते पाठ केले होते. मालिबू क्लब एक लाख वीस हजारांना, टॅक्सी कंपनी चाळीस हजारांना, छापखाना सत्तर हजारांना. तो छापखाना कशाचा, हे विचारू नका. नोटांचा होता. आइस्क्रीमच्या गाडीतूनही आइस्क्रीम सोडून भलतंच विकलं जायचं. रोजची कमाई दाराबाहेर साठून राहायची आणि ती उचलायला मालकालाच जावं लागायचं. हिशोबनीस ठेवायची सोय नव्हती.

खेळातलं दुकान असंच असतं. त्याला माल नसतो, काम असतं. पिझ्झाच्या दुकानात पिझ्झे, पण ते भूक भागवायला नव्हे, तर गोळ्या लागून घटलेली तब्येत भरून काढायला. बसून खाणं असा प्रकारच नाही. रंगाच्या गॅरेजमध्ये गाडी घातली की रंग बदलतो आणि पोलिसांची स्मरणशक्ती जाते. पंधरा दुकानं अशी की त्यांत जाऊन गल्ल्यावरच्या माणसावर बंदूक रोखायची. खेळ शंभर टक्के पुरा करायचा तर ही पंधराही लुटावी लागतात. उरलेली सगळी बाजारपेठ म्हणजे चित्र. शटरचं चित्र, काचेचं चित्र, काचेआड मांडलेल्या कपड्यांचं चित्र. त्यात फसवणूक काही नव्हती, काटकसर होती. प्लेस्टेशन २ ची मुख्य स्मृती ३२ मेगाबाइट. आज फोनवर लग्नाचे दहा-बारा फोटो काढले तरी तेवढी जागा जाते. त्यात रस्ते, गाड्या, माणसं आणि पाऊस बसवायचा. प्रत्येक दुकानाला आतली खोली दिली असती तर समुद्र काढून टाकावा लागला असता.

हे सगळं मला समजावून सांगितलं माझ्या भाच्याने. तो पुण्यात गेम डिझाइन शिकतो. त्याला असाइनमेंट होती : भारतातल्या खऱ्या शहरातला एक रस्ता घ्या आणि त्यावरची पाच दुकानं खेळात बसवा. त्याने कोलकात्याचा कॉलेज स्ट्रीट निवडला. सोबतीला मामा, कारण मामाला मासे आवडतात आणि तिकीट मामाच काढतो.

"मुंबई का नाही रे?" मी विचारलं.

"मुंबई झालीय मामा. हिटमॅनमध्ये."

खरंच झालीय. डेन्मार्कच्या आयओ इंटरॅक्टिव्ह कंपनीने नोव्हेंबर २०१८ मध्ये आणलेल्या 'हिटमॅन २' मध्ये एक अख्खा टप्पा मुंबईत घडतो. चाळी आहेत, धोबी आहेत, अर्धवट बांधलेला टॉवर आहे, सिनेमावाले आहेत. तिथला गुन्हेगारांचा म्होरक्या आहे वझीर काळे. हे नाव ज्याला सुचलं त्याच्या हाती आपल्याकडची एकही लग्नपत्रिका पडली नसावी. पण दुकानांच्या बाबतीत डॅनिश मंडळींनी एक नेमकी गोष्ट पकडली. खेळाडू न्हाव्याचे कपडे चढवतो आणि त्या काळेच्या गळ्याशी वस्तरा घेऊन उभा राहतो. शिंप्याचे चढवले तर मापाची टेप घेऊन थेट तिथल्या राणीसारख्या राहणाऱ्या बाईपर्यंत. न्हावी आणि शिंपी यांना कोणी 'तू कोण' असं विचारत नाही, हे कोपनहेगनमध्ये बसलेल्या माणसाला कळलं, याचं मला कौतुक वाटतं. इथे दुकानाचं काम वेष पुरवण्याचं.

कोलकात्यात उतरल्यावर भाच्याला आधी नकाशाची हद्द ठरवायची होती. खेळातल्या शहराला कुंपण लागतंच. व्हाइस सिटीत सुरुवातीला पूल बंद असायचे, कारण काय तर वादळाचा इशारा. मी त्याला म्हटलं, कोलकात्याला आयतं कुंपण आहे आणि ते आपल्यामुळेच आहे. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांच्या भास्करराम कोल्हटकरांच्या फौजा बंगालमध्ये घुसल्या, तेव्हा कोलकात्याच्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. सहा महिन्यांत तीनेक मैल खणून झाला. मराठे शहरापर्यंत आलेच नाहीत आणि खंदक अर्धवट राहिला. पुढे तो बुजवून त्याच्या बऱ्याच भागावरून सर्क्युलर रोड गेला. बागबाजारात आजही मराठा डिच लेन आहे. याच बागबाजारात नवीनचंद्र दासांनी रोशोगुल्ला घडवला. ज्यांच्या भीतीने हद्द आखली त्यांचे वंशज त्या हद्दीवर उभे राहून पाक गळणारा रोशोगुल्ला खातात, ही 'मिशन' मला बरी वाटली. भाच्याला नाही. त्यात धोका नाही म्हणाला.

मग आम्ही दुकानं पाहू लागलो. प्रेसिडेन्सी विद्यापीठाजवळच्या भवानी दत्त लेनमध्ये एक पाइस हॉटेल आहे, स्वाधीन भारत हिंदू हॉटेल. आधी नुसतं हिंदू हॉटेल होतं, देश स्वतंत्र झाल्यावर पाटीवर स्वातंत्र्य चढलं. पाइस म्हणजे आपला पैसा. आपल्या खाणावळीत ताट एक असतं आणि भाव एक. इथे भाताचा वेगळा, डाळीचा वेगळा, माशाच्या प्रत्येक प्रकाराचा वेगळा, केळीच्या पानाचा वेगळा, लिंबाच्या फोडीचाही वेगळा. वाढपी शेवटी सगळं तोंडाने बेरीज करून सांगतो. भाचा खूश. "मामा, हे तर तयार स्प्रेडशीट आहे!" पहिलं दुकान पक्कं झालं.

दुसरं, केबिन. दिलखुशा केबिन, बसंत केबिन अशा नावांची ही जुनी उपाहारगृहं. लाकडी खण आणि पुढे पडदा. बायका-मुलांना घेऊन बाहेर खाणं नवं होतं तेव्हाची ही सोय. मुंबईच्या इराण्याकडची 'फॅमिली रूम' आठवा. पडदा पाहून भाच्याचे डोळे चमकले, कारण पडद्याआड काहीही लपवता येतं. मी तोवर कोबिराजी कटलेट संपवत होतो. अंड्याची जाळी अशी पसरलेली असते की आतलं मटण शोधायलाच दोन मिनिटं लागतात.

तिसरं बहूबाजारचं भीमचंद्र नाग, १८२६ पासूनचं संदेशाचं दुकान. लेडी कॅनिंगच्या नावावरून 'लेडीकेनी' ही मिठाई इथेच झाली असं सांगतात. भाच्याचं लक्ष मात्र भिंतीवर. कुक अँड केल्वी या साहेबी कंपनीचं घड्याळ, आणि तबकडीवर आकडे बंगाली. बंगाली चार हुबेहूब इंग्रजी आठसारखा दिसतो आणि सात बराचसा नऊसारखा. म्हणजे तबकडीवर चारच्या जागी आठ असल्याचा भास होतो.

"हे जसंच्या तसं काढलं तर सर मार्क कापतील," तो म्हणाला. "त्यांना वाटेल माझीच चूक."

चौथं दुकान जुन्या पुस्तकांचं. त्यावर फार वेळ गेला नाही, कारण पुस्तकं रस्त्यापर्यंत आलेली असतात आणि दार शोधावं लागत नाही.

अडचण झाली पाचव्याशी. कॉफी हाऊस. १८७६ चा अल्बर्ट हॉल, तिथे १९४२ मध्ये कॉफी हाऊस सुरू झालं. १९५८ मध्ये ते बंद पडायची वेळ आली होती, पण ते टिकलं, कामगारांच्या सहकारी संस्थेच्या हातात. उंच छत, लांब दांड्यांना लटकलेले पंखे, वर गॅलरी, भिंतीवर रवींद्रनाथांची मोठी तसबीर, फेटेवाले वेटर. काळ्या कॉफीला इथे 'इन्फ्यूजन' म्हणतात. एक इन्फ्यूजन मागवून चार जण तीन तास बसतात. या बसण्याला ते 'अड्डा' म्हणतात. आपल्याकडे हा शब्द पोलिसांच्या बातमीत येतो, पण अर्थाने तो आपला कट्टा.

भाच्याने वही उघडली. खेळाडू आत येतो, कॉफी मागवतो. मग?

"मग बसतो," मी म्हटलं.

"बसून काय होतं? काय वाढतं? तब्येत, पैसे, माहिती?"

वाढतं काहीच नाही. उलट समोरच्या टेबलावरच्या दोन म्हाताऱ्यांचा आवाज तेवढा वाढत होता. विषय फुटबॉल असावा किंवा मार्क्स.

खेळातलं दुकान वेळ वाचवण्यासाठी असतं. काउंटर, यादी, बटण, बाहेर. इथला सगळा धंदाच वेळ घालवण्याचा. मला एकच खेळ ठाऊक आहे ज्याने हे धाडस केलं : सेगाचा 'शेनमू', जपानमध्ये १९९९ च्या डिसेंबरात आलेला. योकोसुका गावातला डोबुइटा रस्ता. योगायोग असा की व्हाइस सिटीप्रमाणे त्याचंही साल १९८६. पण तिथे दुकानं वेळेवर उघडतात आणि वेळेवर बंद होतात. सकाळी आठला बारच्या दारात गेलात तर दार बंद. रात्र होईपर्यंत काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा, घड्याळ पुढे ढकलायचं बटण पहिल्या भागात नव्हतंच. लोक आर्केडमध्ये जाऊन जुने खेळ खेळत, नेम मारत, गल्ल्यांत फिरत. बऱ्याच जणांना ते कंटाळवाणं वाटलं. दुसऱ्या भागात वाट पाहण्याचा वेळ गाळायची सोय आली, आणि माझ्या मते तिथेच तो रस्ता थोडा कमी खरा झाला.

हे मी भाच्याला सांगितलं. तो बराच वेळ पेन फिरवत बसला. मग त्याने वहीत पाचव्या दुकानाखाली लिहिलं : वेटर बिल आणत नाही.

"एवढंच?"

"एवढंच. खेळाडूला वाटेल गेम हँग झाला. तो माऊस हलवेल, बटणं दाबेल. काहीच होणार नाही. मग शेजारच्या टेबलावरचं बोलणं ऐकू यायला लागेल."

"आणि बिल?"

"ते मागितल्याशिवाय येणार नाही."

आमचंही आलं नव्हतं. आम्ही दुसरी इन्फ्यूजन मागवली.