धावपटू व उडीपटूंचा हंगामपूर्व सराव आणि अर्धशक्ती व्यायाम

पावसाळा ओसरू लागला की आपल्याकडे शालेय व जिल्हास्तरीय मैदानी स्पर्धांचे दिवस येतात. त्यापाठोपाठ मांडीच्या मागील बाजूस हात धरून लंगडत येणारे तरुण रुग्ण चिकित्सालयात दिसू लागतात. शंभर-दोनशे मीटर धावणारे, लांब उडी वा तिहेरी उडी मारणारे हे खेळाडू. आपली चिकित्साही ठरलेली असते, तेल, शेक, गुग्गुळकल्प आणि विश्रांती. दुखापत झाल्यानंतर काय करावे याची चर्चा आपल्यात पुष्कळ होते; ती होऊ नये म्हणून स्पर्धेपूर्वीच्या दोन महिन्यांत वैद्याने काय सांगावे, याची फारच थोडी. प्रस्तुत लेख त्याविषयी आहे.

या खेळाडूंचा पूर्वतयारीचा काळ नेमका वर्षा ऋतूत पडतो. अग्नी मंद, बल अल्प, वाताचा प्रकोप, हे व्यवसायबंधूंना सांगावयास नको. व्यावहारिक अडचण त्याहून मोठी आहे. मातीचे मैदान चिखलाने भरलेले, म्हणून मुले डांबरी रस्त्यावर वा शाळेच्या फरसबंद व्हरांड्यात धावतात. तेथे पूर्ण वेग घेता येत नाही, पण कठीण जमिनीचे आघात नडगीच्या हाडाला पुरेपूर बसतात. मैदान वाळले की पायांत स्पाइक्स चढतात आणि ज्या मांसपेशींनी दोन महिने पूर्ण वेग पाहिलेलाच नाही, त्यांच्याकडून पहिल्याच आठवड्यात तो मागितला जातो.

येथे काय घडते ते नीट पाहावे. पूर्ण वेगात पाय पुढे झेपावतो, तेव्हा टाच जमिनीकडे येण्याच्या किंचित आधी मांडीमागची पेशी लांबत असते आणि लांबत असतानाच त्या पायाला आवर घालीत असते. हॅमस्ट्रिंगची इजा बहुधा याच क्षणी होते. सावकाश धावण्यात हा ताण फार कमी येतो. म्हणून दोन महिने केवळ संथ फेऱ्या मारलेला खेळाडू दमाने तयार झालेला असला, तरी वेगाच्या दृष्टीने अतयारच असतो.

आता आपल्या शास्त्राकडे येऊ. व्यायाम अर्धशक्तीने करावा, असा संहितांचा निर्देश आहे. वाग्भटाने शीतकाळ व वसंत ऋतूत अर्धशक्ती आणि इतर वेळी त्याहूनही कमी सांगितला. सुश्रुताने सर्व ऋतूंत बलाच्या अर्ध्याने करण्यास सांगितले आणि तोंडाने श्वास सुरू होणे हे बलार्धाचे लक्षण दिले. आमच्या मते हा निर्देश स्वस्थाच्या दिनचर्येसाठी आहे. स्पर्धेत उतरणाऱ्यास तो शब्दशः लावला तर स्पर्धेच्या दिवशीची धाव ही त्याची पहिली पूर्णशक्ती धाव ठरेल, आणि याहून घातक उपदेश दुसरा नाही. मात्र चरकाने सूत्रस्थानाच्या ज्या सातव्या अध्यायात अतिव्यायामाचे दोष सांगितले, त्याच अध्यायात हितकर गोष्ट पादांशिक क्रमाने अंगीकारावी असेही सांगितले आहे. हा क्रम आपण आहारापुरताच वापरतो. वेगाला तो लावल्यास हंगामपूर्व सरावाचे सूत्र हाती येते.

आम्ही प्रशिक्षकांना सुचवितो तो क्रम साधारण आठ आठवड्यांचा आहे. आरंभी गवतावर किंवा मिळेल त्या मऊ जमिनीवर सुमारे साठ-सत्तर टक्के वेगाच्या धावा, मग दर पंधरवड्यास वेगात थोडी वाढ. शेवटच्या दोन आठवड्यांत वीस-तीस मीटरच्या मोजक्याच, पण जवळजवळ पूर्ण वेगाच्या धावा, प्रत्येकीनंतर भरपूर विश्रांती देऊन. अशी सत्रे आठवड्यातून दोन, मध्ये किमान दोन दिवसांचे अंतर. वेग आणि अंतर एकाच आठवड्यात वाढवू नये. याच्या जोडीला गुडघ्यांवर बसून, जोडीदाराने घोटे धरले असता, धड सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकण्याचा नॉर्डिक व्यायाम द्यावा. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणात या व्यायामाचा समावेश असलेल्या कार्यक्रमांनी हॅमस्ट्रिंगच्या इजा सुमारे निम्म्यावर आल्याचे आढळले. त्यातील खेळाडू मुख्यतः फुटबॉलचे होते, तरी पेशीचे कार्य तेच आहे. आरंभी पाच-सहा आवर्तने पुरेत, अन्यथा दुसऱ्या दिवशी खेळाडू जिना उतरू शकत नाही आणि व्यायामालाच रामराम ठोकतो.

उडीपटूंची गोष्ट थोडी निराळी. तिहेरी उडीत जमिनीवर पाय पडताना शरीरभाराच्या दहापटीहून अधिक भार क्षणभर एकाच पायावर येऊ शकतो. तो मुख्यतः गुडघ्याखालची व टाचेमागची कंडरा सोसते. कंडरेचे बल मांसापेक्षा फार सावकाश वाढते. मांडी भरली म्हणून कंडरा तयार झाली, असे समजू नये. पूर्ण धावेच्या उड्या शेवटी ठेवाव्यात, तोवर सहा-आठ पावलांची छोटी धाव पुरते, आणि दर आठवड्याच्या उड्या वहीत मोजून लिहाव्यात. २०२३ च्या हांगझोउ आशियाई क्रीडा स्पर्धेतील रौप्यपदकविजेता लांब उडीपटू मुरली श्रीशंकर २०२४ च्या एप्रिलमध्ये सरावातच गुडघ्याला दुखापत होऊन पॅरिस ऑलिंपिकला मुकला. उत्तम साधने लाभलेल्या खेळाडूची ही कथा, तर तालुक्याच्या मैदानावरील मुलाची काय सांगावी!

अभ्यंगाचे स्थान आहेच. सायंकाळी कोमट तिळतेलाचे हलके अभ्यंग श्रमहर व निद्राकर आहे, वर्षा ऋतूत तर विशेष. पण तेल चोळल्याने पेशी वेगाला सिद्ध होत नाही, हे खेळाडूस व पालकांस स्पष्ट सांगावे. पेशी फाटल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत मर्दन व स्वेदन पूर्णतः वर्ज्य. भग्नचिकित्सेत सुश्रुतानेही आरंभी शीत परिषेकच सांगितला आहे.

औषधे देताना एक दक्षता अत्यावश्यक आहे. कुचल्यातील स्ट्रिकनिन हे द्रव्य वाडा या जागतिक संस्थेच्या यादीनुसार स्पर्धाकाळात प्रतिबंधित आहे. विषतिंदुक वटी आणि अग्नितुंडी वटी आपण सहज लिहून देतो. उत्तेजक चाचणीला सामोऱ्या जाणाऱ्या खेळाडूस त्या देऊ नयेत. अनामिक बलवर्धक चूर्णांचीही तीच गत. २०११ साली भारताच्या महिला रिले धावपटूंनी जिनसेंगच्या गोळ्यांकडे बोट दाखविले, तरी बंदी टळली नाही. चाचणीत दोष निघाला तर शिक्षा खेळाडूस होते, वैद्यास नव्हे. म्हणून औषध लिहिण्यापूर्वी रुग्ण कोणत्या स्तरावर खेळतो हे विचारावे आणि दिलेल्या प्रत्येक कल्पाचे नाव व घटक लेखी द्यावेत.

मुलींना आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा. रजःप्रवृत्ती नियमित आहे काय? वजन कमी राखण्यासाठी अन्न तोडणाऱ्या मुलींत पाळी लांबते वा थांबते, आणि त्याच मुलींत नडगीच्या हाडाला सूक्ष्म भेग पडण्याचा धोका वाढतो. प्रशिक्षक हे विचारण्यास संकोचतात, मुलीही त्यांना सांगत नाहीत. नडगीवर बोट ठेवून दाखविता येईल इतक्या नेमक्या जागी दुखत असेल, तर लेप देऊन परत पाठवू नये. धावणे तत्काळ थांबवून अस्थितज्ज्ञाकडे पाठवावे. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये अशी भेग अनेकदा दिसत नाही, म्हणून केवळ त्यावर विसंबून खेळण्याची अनुमती देऊ नये.