तापाचा एक, खाटेचे तीन

2021 मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत मामाचा ऑक्सिजन सुधारला, घरी आणायची बोलणी सुरू झाली आणि डॉक्टर म्हणाले, "डी-डायमर वाढलाय." तो शब्द तेव्हापासून डोक्यात बसला. म्हणून यंदा पावसाळ्यात परवानगी काढून पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या वॉर्डात सकाळभर बसलो.

निळ्या टोपणाच्या नळीत रक्त खुणेपर्यंतच हवं: नऊ भाग रक्त, एक भाग सायट्रेट. कमी भरलं तर लॅब परत पाठवते. डी-डायमर म्हणजे रक्ताची गुठळी विरघळताना पडणारा चुरा. मिलिलिटरमागे 500 नॅनोग्रॅमच्या आत असणं बरं. पण नुसत्या न्यूमोनियानं, वयानं, गरोदरपणातही तो चढतो. त्यामुळे सिस्टरचा भर दुसऱ्याच कागदावर होता. इटलीतल्या पादुआच्या डॉक्टरांनी 2010 मध्ये मांडलेला गुणतक्ता. चार गुण झाले की गुठळीचा धोका मोठा.

खाटेवर 72 वर्षांचे आजोबा, फ्लूचा न्यूमोनिया. तापाचा एक, वयाचा एक, ऑक्सिजन लागला त्याचा एक. तीनच.

"आजोबा, चालता का?"

"रोज! संडासापर्यंत जातो की."

सिस्टर हसल्या आणि पुढे तीन लिहिले. तीन दिवस एवढंच चालणं असेल, तर हा तक्ता ते चालणं धरतच नाही. "तापाचा एक, खाटेचे तीन," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. मग पांघरूण सारून दोन्ही पोटऱ्या शेजारीशेजारी पाहिल्या: एकीला सूज आहे का, दाबल्यावर दुखतं का.

एकूण सहा. प्लेटलेट आणि किडनीचे रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी गुठळी रोखणारं एनॉक्सापॅरिन लिहिलं. स्पिरिटचा वास आला, पोटाच्या कातडीची चिमूट धरून 40 मिलिग्रॅमची सुई गेली. पलीकडच्या डेंग्यूच्या मुलाच्या प्लेटलेट घसरलेल्या; त्याला हीच सुई दिली तर रक्तस्रावाची भीती. पादुआच्या अभ्यासात जास्त गुण असूनही औषध न मिळालेल्या शंभरांतल्या अकरा जणांना गुठळी झाली होती. औषध मिळालेल्यांत साधारण दोघांना.

दुपारी मुलानं आजोबांना हात देऊन व्हरांड्यात आणलं. ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर ढकलत वॉर्डबॉय मागे. तिसऱ्या खिडकीशी ते टेकले, दम घेतला, पुन्हा निघाले.

खाटेचे तीन. मामाला आम्ही फोनवर रोज एकच बजावत होतो: उठू नकोस, पडून राहा.