कापूर, झाडं आणि लेहचा ऑक्सिजन

मे उजाडला की सरोजिनी नगरच्या बाजारात मराठी जरा जास्तच कानावर पडतं. पुण्या-ठाण्याहून आलेली मंडळी दिल्लीतल्या नातेवाइकांकडे एखाद-दोन रात्री टेकतात, घासाघीस करून जाकिटं आणि कानटोप्या घेतात आणि पहाटेच्या विमानाने लेह गाठतात. या खरेदीला एक सल्ला फुकट मिळतो. सल्ला देणारी कधी मावशी असते, कधी दुकानदार, कधी ‘मागच्या वर्षीच जाऊन आलेले’ काका. ‘तिकडे झाडंच नाहीत, म्हणून ऑक्सिजन कमी. भीमसेनी कापूर जवळ ठेवा आणि हुंगत राहा. लेव्हल लगेच वर येते.’

यातला ऑक्सिजन कमी पडण्याचा भाग खरा आहे. त्याचं सांगितलेलं कारण मात्र साफ खोटं आहे आणि सुचवलेला उपाय जिवावर बेतू शकणारा आहे.

आधी झाडांचं बघू. २०१८ साली पुनर्विकासासाठी सरोजिनी नगर आणि आसपासच्या सरकारी वसाहतींमधली हजारो झाडं तोडली जाणार होती. लोक रस्त्यावर उतरले आणि प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. झाडं वाचवायलाच हवीत. ती सावली देतात, धूळ अडवतात, पाखरांना आसरा देतात, तापलेल्या शहराला थोडं निववतात. पण आपल्या गल्लीतली झाडं आपल्या गल्लीपुरता ऑक्सिजन तयार करतात, ही कल्पना चुकीची आहे. हवा सतत ढवळली जाते. तिच्यातलं ऑक्सिजनचं प्रमाण सरोजिनी नगरात सुमारे २१ टक्के, लेहमध्ये २१ टक्के, एव्हरेस्टच्या माथ्यावरही २१ टक्केच असतं. झाडांवरच सगळं अवलंबून असतं तर जैसलमेरच्या वाळूत माणसं धापा टाकत बसली असती आणि भर समुद्रातल्या खलाशाला श्वासच घेता आला नसता.

मग लेहमध्ये दोन जिने चढल्यावर छाती का भरून येते? कारण दाब. हवेला वजन असतं. जितकं उंच जावं तितका डोक्यावरचा हवेचा थर कमी होतो आणि हवा विरळ होते. दिल्ली समुद्रसपाटीपासून जेमतेम सव्वादोनशे मीटरवर आहे, तर लेह सुमारे ३,५०० मीटरवर. तिथला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६५ टक्के असतो. प्रमाण तेच राहतं, पण प्रत्येक श्वासात हवाच कमी येते आणि तिच्यासोबत ऑक्सिजनही. खारदुंग ला खिंडीत हा दाब निम्म्यावर येतो. लेहमध्ये उद्या देवराई उभी केली तरी यात काडीचा फरक पडणार नाही.

आता कापूर. त्याच्या रेणूत कार्बनचे दहा, हायड्रोजनचे सोळा आणि ऑक्सिजनचा एक अणू असतो. हा एकुलता अणू रेणूला घट्ट बांधलेला असतो, तो सुटून फुप्फुसात जात नाही. तरीही हुंगल्यावर मोकळं वाटतं, हा अनुभव खोटा नाही. कापूर नाकातल्या, थंडावा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चाळवतो आणि मेंदूला वाटतं की बरीच हवा आत येते आहे. हे १९८३ मध्ये कार्डिफच्या संशोधकांनी मोजून पाहिलं. कापूर, निलगिरी आणि मेंथॉल यांच्या वाफा हुंगल्यावर लोकांना नाक मोकळं झाल्यासारखं वाटलं, पण नाकातून जाणाऱ्या हवेला होणारा अडथळा होता तेवढाच राहिला. टाकीत पेट्रोल न भरता काटा तेवढा बोटाने पुढे ढकलावा, तसा हा प्रकार.

हाच दावा २०२१ च्या कोविड लाटेत घरोघरी पोचला होता. कापूर, लवंग, ओवा यांची पुरचुंडी हुंगा, ऑक्सिजन वाढतो, लडाखला जाणाऱ्या पर्यटकांनाही हीच देतात, असा तो निरोप होता. म्हणजे लडाखचा दाखला देऊन कोविडचा उपाय पसरला आणि आता कोविडचा दाखला देऊन तोच लडाखला निघाला आहे! मूळ पुरावा दोन्हीकडे नाही. वर कापराची वडी लहान मुलाच्या पोटात गेली तर थोड्या मात्रेतही आकडी येऊ शकते. मुलं बरोबर असतील तर ती पुरचुंडी त्यांच्या खिशात देऊ नका.

खरा धोका मात्र याहून मोठा आहे. डोकं ठणकतंय, मळमळतंय, तरी माणूस कापूर हुंगून ‘आता बरं वाटतंय’ म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी पँगाँगच्या गाडीत बसतो. पँगाँग सुमारे ४,२५० मीटरवर आहे. विरळ हवेचा त्रास डोकेदुखीवर थांबला नाही तर फुप्फुसात पाणी साठतं किंवा मेंदूला सूज येते. दोन्हींनी माणूस दगावू शकतो.

‘आम्ही फिट आहोत, आम्हाला काही होत नाही’ असं सांगणाऱ्यांना पुरावा शोधायला लांब जायला नको. १९६९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये भारतीय डॉक्टरांचा एक निबंध आला. तो आजही या विषयातल्या पायाभूत निबंधांत धरला जातो. उंचावर तैनात झालेल्या आणि या त्रासाने आजारी पडलेल्या १,९२५ जवानांचा तो अभ्यास होता. लेखकांत एम्सचे हृदयरोगतज्ज्ञ सुजॉय रॉय होते आणि एम्स सरोजिनी नगरपासून हाकेच्या अंतरावर आहे. आजारी पडलेले ते जवान काही खुर्चीत बसून पोट सुटलेले नव्हते. दम असणं वेगळं आणि विरळ हवेची सवय होणं वेगळं. सह्याद्रीतले सगळे किल्ले पालथे घातलेत, हेही इथे कामाला येत नाही. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचं आहे, म्हणजे लेहच्या निम्मंसुद्धा नाही.

शरीराला सवय होते ती वेळ दिल्याने. श्वास वाढतो, त्यामुळे रक्तातलं रसायन बदलतं आणि ते ताळ्यावर आणायला मूत्रपिंडांना काही दिवस लागतात. डायमॉक्स ही गोळी नेमकं हेच काम लवकर करवते. म्हणून ती डॉक्टरांना विचारून, निघण्याच्या आदल्या दिवसापासून घ्यायची असते. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगायला हवं. बाकी नियम सोपे आहेत. विमानाने गेलात तर लेहमध्ये पहिले दोन दिवस सामान उचलून पळापळ करू नका. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्या. दिवसा उंच जाऊन रात्री खाली झोपलं तर चालतं. पाच दिवसांत नुब्रा, पँगाँग आणि हानले उरकणाऱ्या सहलीत हे नियम बसत नाहीत. ती सहलच बदला.

आता उरलेले गैरसमज थोडक्यात.

‘रस्त्याने गेलं की त्रास होत नाही.’ रस्ता कुठे मुक्काम करवतो, त्यावर ते अवलंबून आहे. मनाली-लेह मार्गावरचं सरचू सुमारे ४,३०० मीटरवर, म्हणजे लेहहूनही उंच आहे.

‘ऑक्सिजनचा छोटा कॅन ठेवला की झालं.’ कॅनमध्ये दहा लिटर वायू असेल तर मिनिटाला दोन लिटर या हिशेबाने तो पाच मिनिटांत संपतो. रुग्णालयात पोचेपर्यंत तो पुरत नाही.

‘पाणी पीत राहा, काही होत नाही.’ तहान भागेल एवढं प्या. जबरदस्तीने ढोसलेलं पाणी हा त्रास टाळत नाही. उलट रक्तातलं सोडियम घसरू शकतं.

‘दोन पेग घेतले की ऊब येते.’ कातडीला ऊब वाटते, शरीरातली उष्णता बाहेर जाते आणि झोपेतला श्वास आणखी मंदावतो.

‘जाड जाकीट म्हणजे गरम जाकीट.’ थर महत्त्वाचे. घाम शोषून लवकर वाळणारा आतला थर, मध्ये लोकर किंवा फ्लीस, बाहेर वारा अडवणारा. जीन्स भिजली की वाळत नाही.

‘थंडीत गॉगल कशाला?’ दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतली बरीचशी परत डोळ्यांवर फेकतो.

‘खारदुंग ला हा जगातला सर्वांत उंच रस्ता.’ पाटीवर १८,३८० फूट लिहिलेलं असलं तरी आधुनिक मोजणीत खिंड ५,३५९ मीटर, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या आसपास भरते. उमलिंग ला १९,०२४ फुटांवर आहे. फोटो खुशाल काढा.

‘हे वाळवंट आहे, पूर कसला येतो?’ लेहमध्ये वर्षाला जेमतेम दहा सेंटिमीटर पाऊस पडतो, तरी ६ ऑगस्ट २०१० च्या मध्यरात्रीनंतर आलेल्या लोंढ्याने दोनशेहून अधिक माणसं नेली. उघड्या डोंगरांवर पाणी धरून ठेवायला काही नसतं. झांस्करच्या घळींत तर पाऊस न पडताही ओढे दुपारी फुगतात, कारण तेव्हा वरचं बर्फ वितळलेलं असतं. ओढा सकाळीच ओलांडा आणि तंबू कोरड्या पात्रात कधीही ठोकू नका.

‘रात्रभर झोपला की सकाळी बरं वाटेल.’ सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज हा. झोपेत श्वास मंदावतो आणि फुप्फुसात पाणी साठण्याचा त्रास बहुतेकदा रात्रीच वाढतो. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकला थांबत नसेल, चालताना तोल जात असेल किंवा बोलणं असंबद्ध होत असेल तर उजाडायची वाट पाहू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉटेलवाल्याला उठवा, लेहमध्ये असाल तर एसएनएम रुग्णालय गाठा आणि बाहेर कुठे असाल तर गाडी खालच्या दिशेला वळवा. तीनशे मीटर उतरल्यावरही अनेकदा फरक पडतो, हजार मीटर उतरता आलं तर उत्तमच. झोपमोड झाली म्हणून हॉटेलवाला रागावणार नाही. असे पाहुणे त्याने दर हंगामात पाहिलेले असतात.