उत्सवाचा खर्च : श्रद्धेचा किती, प्रतिष्ठेचा किती?

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला घरोघरी श्रींची स्थापना होते. मखर सजते, समया उजळतात, आरतीचे स्वर निनादू लागतात. त्याच सुमारास गृहस्थाच्या मनात एक अबोल हिशेबही सुरू होतो. शेजारची आरास गतवर्षीपेक्षा मोठी आहे. आपण मागे राहिलो तर लोक काय म्हणतील? ही चिंता देवाची नव्हे, लोकांची. तिचा विचार अर्थशास्त्रज्ञांनीही गांभीर्याने केला आहे, याचे आमच्या वाचकांना कदाचित नवल वाटेल.

थॉर्स्टिन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये दिखाऊ उपभोगाची कल्पना मांडली. संपत्ती नुसती जवळ असून भागत नाही, ती चारचौघांना दिसावी लागते, असे त्याचे म्हणणे. त्याचा रोख मुख्यतः धनिकांवर होता. परंतु गरिबांतील गरीबही या मोहापासून अलिप्त नसतो, हेही त्याने नोंदविले.

आपल्याकडील स्थिती काय आहे? अभिजित विनायक बॅनर्जी व एस्थर डुफ्लो यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात राजस्थानातील उदयपूरची आकडेवारी आहे. तेथील अतिदरिद्री कुटुंबांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक कुटुंबांनी वर्षभरात विवाह, अंत्यविधी वा धार्मिक उत्सव यांवर काही ना काही खर्च केला होता. मध्यस्थानी असलेल्या कुटुंबाच्या वार्षिक खर्चापैकी १० टक्के रक्कम तर केवळ उत्सवांवर गेली होती.

याला उधळपट्टी म्हणून आपण मोकळे व्हावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. विजयेंद्र राव यांनी दक्षिण भारतातील खेड्यांचा अभ्यास करून २००१ मध्ये दाखवून दिले की, उत्सवावर अधिक खर्च करणाऱ्या कुटुंबांना गावात मान अधिक मिळतो, इतरांकडून भोजनाची आमंत्रणे अधिक येतात, आणि खाद्यपदार्थही तुलनेने स्वस्त दराने मिळतात. म्हणजे उत्सव माणसे जोडतो, आणि जोडलेली माणसे संसाराला उपयोगी पडतात.

मात्र स्पर्धा शिरली की चित्र पालटते. कीर्तनात पुढचा एक उभा राहिला की मागच्या सर्वांना उभे राहावे लागते. दिसते पूर्वीइतकेच, पाय मात्र सर्वांचेच दुखतात. आणि ज्याला उभे राहण्याची शक्तीच नाही, त्याला काहीच दिसत नाही. कर्ज काढून आरास करणाऱ्या घराची अवस्था याहून वेगळी नसते.

दानाचेही तसेच आहे. अमिहाई ग्लेझर व काई कॉनराड यांनी १९९६ मध्ये अमेरिकेतील देणग्यांविषयी लिहिले. देणगीदारांची नावे रकमेच्या वर्गवारीने छापली जातात तेव्हा पुष्कळशा देणग्या त्या त्या वर्गाच्या किमान रकमेवरच थांबतात. निनावी दाते विरळाच. वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन फिरलेल्या कार्यकर्त्यांना यात नवे काही वाटणार नाही!

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक आणि राजस दानातील भेद सांगितला आहे. फळाची अपेक्षा न ठेवता, कर्तव्य म्हणून दिलेले दान सात्त्विक. या कसोटीवर आपण आपला यंदाचा उत्सव पारखून पाहावा. मंडळांनी वर्गणीच्या रकमा फलकावर लावू नयेत. घरच्या वडीलधाऱ्यांनी ऐपतीची मर्यादा आधीच ठरवावी. दूर्वांची एकवीस पाती वाहण्यास कर्ज काढावे लागत नाही.

बुद्धिदाता श्रीगजानन आम्हां सर्वांना हा विवेक देवो.