‘पित्त’ नव्हे, पित्ताशयातील खडे!

लग्नाच्या पंगतीत भरपेट जेवण होते. मध्यरात्री पोटाच्या वरच्या भागात जोराची कळ येते, एक-दोन उलट्या होतात आणि पहाटे दुखणे थांबते. घरची मंडळी म्हणतात, “पित्त झालं असेल.” अशी कळ वारंवार येत असल्यास मात्र पित्ताशयात खडे आहेत का, हे पाहून घेतले पाहिजे.

आंबट ढेकर व जळजळ यांना आपण पित्त म्हणतो. ते जठरातील आम्ल होय. पित्तरस वेगळा. तो यकृतात रोज सुमारे अर्धा ते एक लिटर तयार होतो. यकृताखालील पित्ताशय ही छोटी पिशवी त्यातला थोडा रस दाट करून साठवते व स्निग्ध जेवणानंतर आतड्यात सोडते. या रसातील घटकांचे प्रमाण बिघडले की खडे बनतात. स्त्रिया, लठ्ठ व्यक्ती आणि झपाट्याने वजन घटविणारे यांच्यात ते अधिक आढळतात.

लक्षणे कोणती?

उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वर मध्यभागी दुखते. कळ पाठीत अथवा उजव्या खांद्याकडे जाते आणि अर्ध्या तासापासून काही तास टिकते. उपाशीपोटी केलेल्या सोनोग्राफीत खडे सहसा दिसतात. थंडी वाजून ताप, डोळे पिवळे होणे, गडद लघवी किंवा पाच-सहा तासांनंतरही न थांबणारे दुखणे असेल, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. पित्तनलिकेत अडकलेल्या खड्यामुळे कावीळ होते, स्वादुपिंडालाही सूज येऊ शकते. छातीत दडपण व घाम असेल, तर आधी हृदयाची तपासणी हवी.

शस्त्रक्रिया कोणाला?

तपासणीत योगायोगाने खडे सापडले, पण त्रास काहीच नाही, अशा बहुतेकांना शस्त्रक्रियेची गरज नसते. त्रास होत असेल, तर पित्ताशय काढणे हाच खात्रीचा उपाय. मुतखड्याप्रमाणे भरपूर पाणी पिऊन हे खडे पडत नाहीत. नुसते खडे काढले तर ते पुन्हा होतात, म्हणून पिशवीच काढतात. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी १९९० साली ही शस्त्रक्रिया दुर्बिणीने केली. आता ती सर्वत्र रूढ आहे. रुग्ण बहुधा एक-दोन दिवसांत घरी जातो.

पिशवी काढल्यावर पचन कसे?

“आता जन्मभर पथ्य का?” हा नेहमीचा प्रश्न. उत्तर आहे, नाही. पित्तरस यकृत बनवते आणि यकृत जागेवरच असते. रस साठून न राहता थेट आतड्यात थेंब थेंब उतरत राहतो. सुरुवातीचे काही आठवडे थोडे थोडे व कमी तेलकट खावे. वरण-भात, भाकरी, ताक चालते. काहींना पातळ शौचास होते, ते बहुधा आपोआप कमी होते. जड ओझे काही आठवडे उचलू नये. नंतर घरचे नेहमीचे जेवण घ्यावे. पुन्हा तशीच कळ, ताप वा कावीळ झाल्यास मात्र लगेच डॉक्टरांना दाखवावे. नलिकेत खडा राहिलेला असू शकतो.

पिशवीवाचून माणूस व्यवस्थित जगतो. दुखणे अंगावर काढणे मात्र महागात पडते.